फाउंड्रीचा प्रोग्राम एजंटच्या हाती देताना : शिरोलीतल्या सात आठवड्यांच्या नोंदी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचा) उत्पादन-नोंदींचा प्रोग्राम आम्ही २०१४ पासून सांभाळतो. ५०० किलोच्या दोन इंडक्शन भट्ट्या, ग्रे आयर्न आणि एसजी (बिडाचे दोन प्रकार) असा दोन्ही माल. मे अखेरीला मालकांनी विचारलं, की रिपोर्टच्या स्क्रीन उघडत बसण्यापेक्षा मराठीत प्रश्न टाकला आणि एजंटनं (एआय मॉडेलवर चालणाऱ्या सहायकानं) प्रोग्राममधून उत्तर काढून दिलं, असं होईल का? होईल, म्हणून सांगितलं. फंक्शन्स तयारच होती. ती एजंटला टूल म्हणून द्यायची आणि प्रत्येकाचं वर्णन लिहायचं, एवढंच काम दिसत होतं. आठ दिवसांचा अंदाज दिला होता. लागले सात आठवडे. ज्यांना आपल्या जुन्या प्रोग्रामवर हेच करायचंय त्यांच्यासाठी या नोंदी, चुकांसकट. उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात या कामावर दोघंच होतो, मी आणि माझी सहकारी.

२ जून २०२५

एकूण ३१ फंक्शन्स. कोडमधल्या जुन्या कॉमेंट मॉडेललाच दिल्या आणि वर्णनं लिहून घेतली. एका दुपारीत काम आटोपलं. नमुना : ‘गेट_हीट : दिलेल्या तारखेच्या हीटची माहिती परत करते.’ हीट म्हणजे एका वेळी वितळवलेली एक भट्टी. वाचायला काही चूक नाही. जोडणीसाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरला. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला, आता बऱ्याच ठिकाणी चालणारा. त्यात प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा द्यावा लागतो. एजंटला आपल्या प्रोग्रामबद्दल जे कळतं ते एवढ्यातूनच. आमचं ४० पानी मॅन्युअल त्याला दिसत नाही.

संध्याकाळी पहिला प्रश्न टाकला : ‘काल किती हीट झाल्या?’ उत्तर आलं ११. भट्टीवरच्या वहीत १४.

दोन तास क्वेरी तपासली, क्वेरीत काही नव्हतं. फाउंड्रीचा दिवस सकाळी ७ ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला संपतो. रात्री बारानंतर ओतलेली हीट आदल्या दिवसाची. कारखान्यात हे शिपायालाही माहीत आहे. एजंटनं कॅलेंडरची तारीख धरली, त्यामुळे बारानंतरच्या तीन हीट गळाल्या. त्याच्या आदल्या रात्री भट्टीचं लायनिंग (आतलं अस्तर लावणं) चालू होतं, म्हणून तिकडून भरही पडली नाही आणि फरक उठून दिसला. लायनिंग नसतं तर तिकडच्या दोन-तीन हीट आत येऊन आकडा जवळपास जुळला असता आणि आम्हाला पत्ताच लागला नसता. हे लक्षात आल्यावर झोप उडाली.

दुरुस्ती : इनपुटचं नाव ‘डेट’ होतं, ते ‘उत्पादन_दिवस’ केलं. वर्णनात लिहिलं : ‘उत्पादन दिवस सकाळी ७ ते दुसऱ्या सकाळी ७. रात्री १२ नंतरची हीट आदल्या दिवसात मोजली जाते. तारीख २०२५-०६-०१ अशा रूपात द्यावी.’ आणि ‘आज’, ‘काल’ म्हणजे कोणता उत्पादन दिवस हे एजंटनं ठरवायचं नाही, त्यासाठी वेगळं छोटं टूल दिलं.

४ जून

जोडणी मधेच तुटत होती, कधी चालायची कधी नाही. दीड दिवस गेला. कारण असं : सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालवला की आउटपुटवर फक्त प्रोटोकॉलचे संदेश जायला हवेत. आमच्या जुन्या कोडमध्ये जागोजागी ‘रिपोर्ट तयार’ छापणारी प्रिंट स्टेटमेंट होती. ज्या फंक्शनमध्ये ती होती तिथेच संदेश बिघडायचा. सगळी प्रिंट एरर आउटपुटकडे वळवली. तुम्ही जुना प्रोग्राम जोडणार असाल तर आधी प्रिंट शोधा, बाकी सगळं नंतर.

९ जून

गेट_हीट, हीट_रिपोर्ट, हीट_लिस्ट_न्यू. तिन्ही फंक्शन्स थोड्याफार फरकानं तेच देतात. एकात स्पेक्ट्रोचे (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे आहेत, एकात नाहीत. तिसरं २०१९ मध्ये एका ग्राहकाच्या ऑडिटसाठी घाईत लिहिलेलं. एजंट कधी हे उचलायचा, कधी ते. तोच प्रश्न दोनदा विचारला की दोन वेगळ्या तक्त्यांची उत्तरं.

मी प्रत्येकाच्या वर्णनात लिहायला बसलो : हे कधी वापरायचं, कधी नाही, त्याऐवजी कुठलं. एकेका टूलला आठ-आठ ओळी झाल्या. सहकारीनं ते वाचलं आणि विचारलं, “दादा, तीन कशाला पाहिजेत पण? आपण तरी कुठलं वापरतो?”

आम्ही एकच वापरतो. बाकीची दोन कुणाच्या तरी स्क्रीनला लागतात म्हणून राहिलीत. ती प्रोग्राममध्ये राहू दिली, एजंटपुढून काढली. सगळ्या यादीवर हीच नजर टाकली आणि संध्याकाळपर्यंत ३१ ची १२ झाली. माझ्या आठ ओळींची गरजच उरली नाही. इथून पुढे आम्ही एक सवय लावून घेतली. वर्णनात ‘सावधान’, ‘लक्षात ठेवा’, ‘मात्र’ असं काही लिहावं लागलं की पेन खाली ठेवायचं आणि आधी टूल बदलता येतं का ते बघायचं.

खर्चाचाही फरक पडला. सगळ्या टूलची वर्णनं दर प्रश्नाबरोबर मॉडेलकडे जातात. ३१ टूल असताना प्रश्न टाकायच्या आधीच सुमारे १४ हजार टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर मॉडेलचं बिल ठरतं) खर्ची पडत होते.

१३ जून

आज दिवसभर भट्टीवर मामांच्या शेजारी बसलो. मामा मेल्टिंगचे सुपरवायझर, या भट्टीवर २२ वर्षं. कारण असं, की एजंटनं काल ‘१२ हीटचं सरासरी ओतणी तापमान २१२६ अंश’ असं उत्तर दिलं होतं. ओतणी होते १४०० च्या आसपास. २१२६ ला भट्टीचं अस्तरही टिकणार नाही.

मामांची वही लांबट, कोपरे काळे पडलेले, पानापानावर अंगठ्याचा ग्रॅफाइटचा ठसा. तापमानाच्या रकान्यात १४०५, १४१२, १४०८ आणि मधेच ९९९९.

“त्ये नव्याण्णव नव्याण्णव व्हय?” मामा म्हणाले, “टिप संपली की तसं टाकतो. मोकळं ठिवलं की तुमचा प्रोग्राम फुडं जात न्हाई नव्हं.”

टिप म्हणजे तापमान मोजायच्या दांड्याच्या टोकाला लावतात ती थर्मोकपलची टिप. वितळलेल्या लोखंडात बुडवली की तिचं काम संपलं, पुढच्या वेळी नवी लावायची. टिप संपल्या की त्या हीटला तापमान नाही. प्रोग्राममध्ये तो रकाना सक्तीचा मी केला होता, २०१४ मध्ये, डेटा पूर्ण यावा म्हणून. डेटा पूर्ण आला, पण त्यात ९९९९ आले. रिपोर्टच्या स्क्रीनवर माणसाची नजर ते आपोआप वगळायची, म्हणून अकरा वर्षं कुणाची तक्रार नाही.

मामांनी आणखीही सांगितलं. शेरा रकान्यातलं ‘आर’ म्हणजे रिमेल्ट, भट्टीतला माल परत पिग (लगडी) करून वितळवला. चार्जच्या (भट्टीत घालायच्या कच्च्या मालाच्या) पत्रकात भंगाराचं वजन शून्य असेल तर शून्य भंगार नव्हे, काटा बंद होता. एसजीच्या हीटला दोन वेळा असतात, मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली ती आणि शेवटची पेटी (साचा) ओतली ती. त्यातलं अंतर दहा मिनिटांपलीकडे गेलं की मामा त्या शेवटच्या पेट्यांवर खडूनं खूण करतात, कारण मॅग्नेशियम उडून जायला लागतं आणि ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. प्रोग्राममध्ये या दोन वेळांच्या रकान्यांची नावं ‘टाइम १’ आणि ‘टाइम २’.

पाच तासांत वहीची सात पानं भरली. यातलं काही कोडमध्ये नव्हतं, काही मॅन्युअलमध्ये नव्हतं. मी कोडवरून वर्णनं लिहून घेतली तेव्हाच चुकलो. कोडला रकाना माहीत असतो, त्याचा अर्थ मामांना माहीत असतो.

दुरुस्ती टूलच्या वर्णनात केली नाही, डेटात केली. ९९९९ असलेल्या सगळ्या नोंदी रिकाम्या केल्या, शेजारी ‘मोजलं नाही, कारण’ असा रकाना दिला आणि स्क्रीनवर ‘टिप नाही’ हे बटण. सरासरी काढणारं टूल आता सांगतं : ‘१२ पैकी ११ हीटची सरासरी १४१० अंश सेल्सिअस, एका हीटचं तापमान मोजलेलं नाही.’ दोन वेळांची नावं ‘प्रक्रिया_वेळ’ आणि ‘शेवटची_ओतणी_वेळ’ केली.

१८ जून

रिजेक्शन. या एका शब्दावर चार दिवस गेले.

मालकांनी विचारलं, मे महिन्यात अमुक ब्रॅकेटचं रिजेक्शन किती? एजंट म्हणाला ३ टक्के. क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या साडेसात. मालकांनी दोघांचे आकडे समोर ठेवून मला फोन केला, “अहो, ह्यातलं खरं कुठलं धरायचं?”

दोन्ही खरे. २०० नग ओतले. फेटलिंगला (ओतलेले नग घासून साफ करतात तिथे) ६ नाकारले, म्हणजे ३ टक्के. उरलेला माल मशीनिंगला गेला, तीन आठवड्यांनी तिथून ९ परत आले, आत ब्लो होल (वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या) निघाली म्हणून. एकूण १५, म्हणजे साडेसात. शिवाय हे ९ कुठल्या महिन्यात मोजायचे? ओतले मे मध्ये, सापडले जूनमध्ये. मॅडम ओतणीच्या तारखेवर मोजतात, कारण त्यांना वाळू आणि धातूचा दोष शोधायचा असतो. अकाउंट विभाग सापडल्याच्या तारखेवर मोजतो, कारण डेबिट नोट त्या महिन्यात येते. आणि मालक ज्या बैठकीला जातात तिथे टक्केवारी नगांवर नसते, वजनावर असते.

वर्णन होतं : ‘रिजेक्शनची टक्केवारी परत करते.’

आधी मी वर्णनात या सगळ्या पद्धती समजावून सांगितल्या आणि ‘वापरकर्त्याचा हेतू ओळखून योग्य पद्धत निवडा’ असं शेवटी लिहिलं. हे लिहिलेलं वाक्य मला आजही बोचतं. जे अकाउंट आणि क्वालिटी यांच्यात अकरा वर्षांत ठरलं नाही ते मी एजंटवर ढकललं होतं. तो निवडायचाही, आणि कुठली पद्धत निवडली हे उत्तरात सांगायचा नाही.

शेवटी केलं ते असं. टूलला तीन इनपुट सक्तीची : टप्पा (फेटलिंग, मशीनिंग, ग्राहक परतावा, की सगळे मिळून), तारीख कुठली (ओतणीची की सापडल्याची), आधार (नग की वजन). प्रत्येकाला ठरलेले पर्याय, त्याबाहेरचं काही चालत नाही. गृहीत धरलेला पर्याय कुठेच नाही. वर्णनात एकच सूचना : प्रश्नात हे स्पष्ट नसेल तर विचारणाऱ्यालाच विचारा. आणि उत्तराबरोबर आधार शब्दांत परत येतो : ‘७.५ टक्के, ओतणीच्या तारखेनुसार, सर्व टप्पे, नगांवर, २०० पैकी १५.’

हा शेवटचा भाग सगळ्यात कामाचा ठरला. टूलनं नुसतं ७.५ परत केलं की एजंट त्याला स्वतःचे शब्द जोडतो. टूलनंच पूर्ण वाक्य दिलं की तो तेच पुढे देतो. आम्ही टूलमध्ये काय जातं ते लिहिण्यात वेळ घालवत होतो. बाहेर काय येतं त्याचं टिपण आमच्याकडे जवळपास नव्हतंच.

२३ जून

पाऊस. नेट दोनदा गेलं.

सहज म्हणून विचारून पाहिलं, २०२१ पासून आजवर सगळ्यात कमी रिजेक्शन कुठल्या आठवड्यात? उत्तर : जुलै २०२१ चा शेवटचा आठवडा, ० टक्के, ‘उल्लेखनीय कामगिरी’.

त्या आठवड्यात शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गावर पुराचं पाणी होतं. रस्ता बंद, कामगार पोहोचू शकत नव्हते, भट्टी थंड. एकही नग ओतला नव्हता. कोडमध्ये शून्यानं भागाकार होऊ नये म्हणून एक अट होती : नग शून्य असतील तर टक्केवारी शून्य. ती अट मीच लिहिलेली. आता ते टूल ‘या काळात उत्पादन नाही’ असं परत करतं आणि टक्केवारीचा रकाना रिकामा ठेवतं. प्रत्येक टूलला आम्ही विचारला तो प्रश्न असा : काहीच सापडलं नाही तर काय परत येतं? १२ पैकी ७ टूल रिकामी यादी देत होती. ‘नोंद नाही’, ‘तारीख चुकली’ आणि ‘कारखाना बंद’ या तिन्हींना तीच रिकामी यादी.

घरी जाताना रेडिओवर पंचगंगेची पातळी सांगत होते. कोल्हापुरात ‘पाणी एकेचाळीसवर आलं’ एवढं म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. फुटात, राजाराम बंधाऱ्यावर, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे सगळं त्या एका आकड्यात ऐकणाऱ्याला मिळतं. परगावच्या माणसाला फक्त एकेचाळीस मिळतात. दुसऱ्या दिवशी सगळ्या आउटपुटना बसून एकक, मोजण्याची जागा आणि ठीक-बेठीकच्या मर्यादा जोडल्या. मॅग्नेशियम ०.०२८ एवढंच जायचं, तिथे आता ‘०.०२८ टक्के, ओतलेल्या नमुन्यात, अपेक्षित ०.०३५ ते ०.०५०, कमी’ असं जातं. ओतणीचं वजन काही टूलमध्ये किलोत होतं, काहींत टनात; सगळं किलोत आणलं आणि रकान्याच्या नावातच ‘किलो’ घातलं.

२७ जून

वर्णनं कुठल्या भाषेत? विचारणारे मराठीत विचारतात म्हणून मी सगळी मराठीत लिहिली होती. आमच्या मोजणीत त्याच मजकुराला इंग्रजीच्या जवळपास अडीच पट टोकन लागले. शिवाय आमच्या मराठीतही निम्मे शब्द इंग्रजीच होते. वर्णनाचा गाभा इंग्रजीत केला आणि प्रत्येक टूलमध्ये कारखान्यातले शब्द देवनागरीत जोडले.

हे शब्द मात्र सोडू नका. कामगार ‘होल आलंय’ म्हणतो तेव्हा त्याला ब्लो होल म्हणायचं असतं. एजंटनं ते ड्रिलचं भोक समजून मशीनिंगच्या नोंदी काढल्या. ‘पेटी’ म्हणजे मोल्डिंग बॉक्स, तो पॅकिंगची पेटी समजला. ‘माल’ चार्जलाही म्हणतात आणि तयार कास्टिंगलाही. एकूण ४६ शब्द निघाले. निम्मे मामांकडून, बाकीचे फेटलिंगच्या शेडमध्ये उभं राहून ऐकले.

१ जुलै

एररचे संदेश. हीट क्रमांक ‘अ-११८’ दिला की टूल म्हणायचं : ‘एरर ४०२’. एजंटनं तोच क्रमांक १७ वेळा पाठवला, मग ‘११८’, मग ‘अ११८’, आणि शेवटी स्वतःच उत्तर दिलं की अशी हीट झालेलीच नाही. मालकांनी ते खरं धरून ग्राहकाला कळवलं असतं तर? सुदैवानं त्या वेळी आम्हीच तपासत होतो.

हीटचे क्रमांक दर १ एप्रिलला नव्यानं सुरू होतात, म्हणून ‘अ-११८’ अकरा आहेत. नवा संदेश : ‘हीट क्रमांकात आर्थिक वर्ष नाही. अ-११८ या क्रमांकाच्या ११ हीट आहेत. वर्ष जोडून द्या, उदा. २५-अ-११८. वर्ष माहीत नसेल तर हीट_शोध हे टूल पॅटर्न क्रमांकावरून वापरा.’ (पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना.) आता दुसऱ्या प्रयत्नात काम होतं. काय चुकलं, काय चालेल, पुढं काय करायचं, हे तीन भाग प्रत्येक संदेशात घातले. एजंट टूलचं वर्णन प्रश्नाच्या सुरुवातीला वाचतो, पण एररचा संदेश अगदी अडलेल्या क्षणी त्याच्यापुढे येतो, त्यामुळे तिथं लिहिलेलं जास्त लागू पडतं. ५४ संदेश, दोघांचे दोन दिवस.

७ जुलै

हा दिवस वाईट गेला.

नोंद करणारं एकच टूल दिलं होतं, स्टोअरमधून चार्जचं साहित्य दिल्याची नोंद. एजंटनं २५० किलो पिग आयर्नची नोंद केली, नेट अडखळलं, उत्तर आलं नाही, त्यानं पुन्हा नोंद केली. साठ्यातून ५०० किलो वजा. स्टोअरकीपरनी दुसऱ्या दिवशी ढीग आणि स्क्रीन ताडून पाहिलं म्हणून सापडलं. त्यांनी आधी स्वतःच्या माणसांना विचारलं, मग आम्हाला. त्या पोरांवर उगाच संशय गेला याचं फार वाईट वाटलं. मी स्वतः जाऊन सांगितलं, की चूक आमची आहे.

चूक कुठे होती? वर्णनात मी स्पष्ट लिहिलं होतं : ‘नोंद करण्यापूर्वी विचारणाऱ्याची परवानगी घ्या. एकच नोंद दोनदा करू नका.’ प्रोटोकॉलमध्ये टूल फक्त वाचतं की बदल करतं, पुन्हा चालवलं तर चालतं की नाही, अशा खुणा देता येतात. त्याही दिल्या होत्या. पण त्या खुणा म्हणजे सूचना. त्यांनी काही अडत नाही. दुसऱ्यांदा नोंद करताना एजंटच्या दृष्टीनं ती पहिलीच होती, कारण पहिलीचं उत्तर त्याला मिळालंच नव्हतं.

दुरुस्ती प्रोग्राममध्ये : प्रत्येक नोंदीला वेगळा मागणी क्रमांक लागतो, तोच क्रमांक पुन्हा आला की नवी नोंद होत नाही, जुनीच परत दाखवली जाते. आणि एजंट आता फक्त कच्ची नोंद करतो, पक्की स्टोअरकीपर त्यांच्या स्क्रीनवरून करतात. जे घडूच नये ते टिपणावर सोपवू नका, प्रोग्राममध्येच अडवा.

१० जुलै

इतके दिवस आम्ही वर्णन बदलायचो आणि दोन प्रश्न विचारून समाधान मानायचो. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं : मालक, मॅडम, मामा आणि अकाउंटवाल्यांनी खरोखर विचारलेले ४० प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, आणि शेजारी वहीतून हातानं काढलेली उत्तरं. २ जूनची वर्णनं परत लावून पाहिली : ४० पैकी १७ बरोबर. आजची : ३३.

आता काहीही बदललं की सगळे ४० चालवतो. पहिल्याच दिवशी त्याचा उपयोग झाला. रिजेक्शनच्या वर्णनात मी दोन उदाहरणं वाढवली. दोन प्रश्न सुधारले आणि पाच बिघडले. उदाहरणातला पॅटर्न क्रमांक एजंट खऱ्या प्रश्नातही वापरायला लागला होता. उदाहरणं काढली, एकच ठेवलं, आणि त्यातला क्रमांक प्रोग्राममध्ये अस्तित्वात नसलेला घातला.

१५ जुलै

मॅडमनी एका लॉटच्या शेऱ्यात लिहिलं होतं : ‘हा लॉट रद्द करा व स्टोअरला कळवा.’ ते खालच्या माणसासाठी होतं आणि मार्चमधलं होतं. एजंटनं तो शेरा वाचला आणि लॉट रद्द करायची तयारी सुरू केली. रद्द करणारं टूलच नव्हतं म्हणून थांबला. शेरे आता ‘माणसांनी लिहिलेली जुनी टिपणी, सूचना नव्हे’ अशा वेगळ्या रकान्यात, तारीख आणि लिहिणाऱ्याच्या विभागासह जातात. आणि वाचायच्या कामात नोंदीचं टूल उपलब्धच नसतं.

१९ जुलै

संध्याकाळी मामांच्या हातात फोन दिला. त्यांनी भट्टीच्या आवाजात, उभ्याउभ्या विचारलं, “काल रातीच्या एसजीत मॅग्नेशियम कुठं कमी पडलंय बघ.”

उत्तर आलं : कालच्या उत्पादन दिवसात रात्रपाळीत एसजीच्या ५ हीट, त्यातली एक कमी, ०.०३१ टक्के, प्रक्रियेपासून शेवटच्या ओतणीपर्यंत १३ मिनिटं. आणखी एका हीटचं स्पेक्ट्रोचं मोजमाप नोंदवलेलं नाही, म्हणून ती मोजलेली नाही.

मामांनी वही उघडली, अंगठा ओळीवरून खाली नेला. “बराबर हाय. त्या टायमाला स्पेक्ट्रो बंद हुता.” मग पेनानं त्या हीटसमोर तसं लिहिलं, जे आधी वहीतही नव्हतं.

आजचा हिशेब : ३१ ची ११ टूल (एक आणखी गळालं). दर प्रश्नाआधीचे टोकन १४ हजारांवरून ४,६००. चाळीसपैकी ३८. मॉडेलच्या वापराचं बिल सात आठवड्यांचं ६,८०० रुपये, त्यातलं निम्मं ४० प्रश्न पुन्हापुन्हा चालवण्याचं. आमचे दोघांचे मिळून सुमारे २३० तास, त्यातले टिपणं लिहिण्याचे फार तर ६०. बाकीचे विचारण्यात आणि प्रोग्राम बदलण्यात.

चुकणारे दोन प्रश्न कोअर शॉपचे (कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनतात त्या विभागाचे) आहेत. तिथल्या मावशी वाळूचं मिश्रण बादलीत मोजतात आणि प्रोग्राममध्ये ते किलोत आहे. सोमवारी त्यांच्याकडे वही घेऊन बसायचंय, एक बादली काट्यावर ठेवून.